मखमलाबादचा क्लॉडियस

धुळवडीच्या दिवशी नाशिकला वीर निघतात. लग्न होऊन मनमाडला गेले तेव्हा हे मला सासरच्यांना समजावून सांगावं लागलं, आणि तासाभराच्या रेल्वेच्या अंतरावर माणसं किती अडाणी असू शकतात ते तेव्हा कळलं. घराण्यातला कुणी झुंजताना मेला असेल, तर त्याचा टाक, म्हणजे चेहरा उठवलेला धातूचा तुकडा, देवघरात असतो. धुळवडीला तो खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, लाल फडक्यात बांधायचा, हलगीच्या तालावर नाचवत गोदावरीवर न्यायचा, रामकुंडात आंघोळ घालायची आणि परत आणायचा. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, घरीच आंघोळ घातली तर चालत नाही का. त्या दिवसापासून मी त्यांना काही समजावायच्या फंदात पडले नाही.

आमचा वीर पुंजाबाबा. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा मखमलाबादच्या मळ्यात बिबट्याशी झुंजून मेला, असं सांगतात. त्याचा टाक आधी चांदीचा होता. माझ्या पणजोबांच्या हातून तो धुळवडीला रामकुंडात निसटला. पणजोबांनी बुडी मारली, तळाचा चिखल चाचपला आणि टाक घेऊन वर आले. फक्त तो आता चांदीचा नव्हता. जाड, काळपट आणि आधीपेक्षा मोठा झाला होता. कुणाला काही वावगं वाटलं नाही. हातातून सोडलं म्हणून पुंजाबाबा रागावला आणि काळा पडला, एवढाच त्याचा अर्थ लागला. तेव्हापासून आमचा वीर तापट.

शंका घ्यायला जागाही नव्हती. चेहऱ्यावर डोक्याभोवती पानं होती, म्हणजे लग्नातलं बाशिंग. आणि मागच्या बाजूला एक बाई होती. एका हातात फूल, दुसऱ्या हाताने लुगड्याच्या निऱ्या उचलून धरलेल्या. वाफ्यात पाणी सोडलं की आमच्या घरातल्या बायका अशाच चालतात. आमचं घर फुलांचं. माळ्याच्या वीराच्या पाठीवर माळ्याची बायको नाही तर कोण असणार? काठाने काहीतरी बारीक नक्षी होती, पण वर्षानुवर्षांच्या हळदी-कुंकवाखाली ती कधी नीट दिसली नाही. घासायची सोय नव्हती, कारण वीर तापट.

आमच्या भाऊबंदांत आणखी एक रीत आहे. वीर घेऊन कुंडाच्या शेवटच्या पायरीवर आलं की हलगी थांबते आणि घरातला थोरला माणूस विचारतो, वीर कोणाचा? वीर नेणाऱ्याने आपल्या बापाचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. मग थोरला म्हणतो, ओळखला, उतर पाण्यात. तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर वीर भाऊबंदातल्या पुढच्याच्या हातात जातो आणि त्याच्याच देवघरात बसतो. असं कधी झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बापाचं नाव सांगायला असं काय लागतं?

आमच्या समर्थला लागतं. समर्थ म्हणजे माझा भाचा, सावळीरामदादाचा मुलगा. सव्वीस वर्षांचा, अंगाने भक्कम, गुलाबाचं पॉलिहाऊस एकटा सांभाळतो. पण बोलताना अडखळतो, आणि सगळ्यात जास्त ‘स’वर. आता बघा, त्याचं नाव समर्थ, बापाचं सावळीराम, आईचं सविता आणि बहिणीचं सायली. आमच्या घरात नावं ठेवताना पुढचा विचार कुणी केलेलाच नाही.

दादाचा मुलावर फार जीव. इतका, की समर्थचं कुठलंही वाक्य समर्थने सुरू करायचं आणि दादाने संपवायचं. बाजारात व्यापाऱ्याशी दादाच बोलतो. लग्नकार्यात कुणी समर्थला काही विचारलं की दादा लगेच सांगतो, त्याचा घसा बसलाय. गेली कितीतरी वर्षं त्या पोराचा घसा बसलेला आहे. एका चुलत मावशीने तर ज्येष्ठमधाची पुडी पाठवली होती. समर्थसाठी मुलगी बघायला सगळे गेले तेव्हा मुलीने विचारलं, जेवायला काय आवडतं, तर दादा म्हणाला, मेथी. समर्थला मेथी बघवत नाही. मुलीकडच्यांनी पानात दोनदा वाढली आणि ते गरीब लेकरू खात बसलं.

इतकी वर्षं वीर दादाच नाचवायचा. यंदा दिवाळीनंतर त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नाचायला साफ मनाई केली. म्हणजे मान समर्थचा. मी होळीच्या सकाळी माहेरी पोचले ती हे बघायच्या हौसेनेच. अंगणात शिरले तर सविता म्हणाली, वीर कुंदन नेणार. कुंदन म्हणजे आमच्या चुलतभावाचा मुलगा. पोरगा चांगला आहे, मनाने मोकळा आहे, आवाज असा की मखमलाबादहून हाक मारली तर पंचवटीत ऐकू जाईल. पण थोरल्याचा मुलगा घरात असताना त्याने वीर नेला, की वीर कायमचा त्याच्या घरी गेला. दादाने भाऊबंदांना सांगितलं होतं, समर्थचा घसा बसलाय.

माझं डोकं फिरलं. मी पिशवीसुद्धा खाली न ठेवता पॉलिहाऊसकडे गेले. समर्थ गुलाब तोडत होता. तुला न्यायचा आहे का, मी विचारलं. त्याने होकाराची मान हलवली. जोरात हलवली. मग बापाला सांगितलंस का, विचारलं तर तो माझ्याकडे नुसतं बघत राहिला. सांगायला सुरुवात केली असणार आणि दादाने भलतंच काहीतरी बोलून वाक्य संपवलं असणार, हे मला न सांगता कळलं.

दादा पडवीत गुडघ्याला शेक घेत बसला होता. मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. भांडणात तो कधी आवाज चढवत नाही, हाच त्याचा दोष.

"मंजे," तो म्हणाला, "हजार माणूस असतं कुंडावर. समदे मोबाइल काढून उभे. हसतील त्याला. मला नाय बघवणार."

खरं सांगायचं तर ते चित्र माझ्याही डोळ्यांपुढे आलं, आणि मलाही बघवलं नाही. मी पिशवी ठेवली आणि पुरण वाटायला बसले. रागाच्या भरात मी पुरण फार बारीक वाटते.

देव घासायचं काम सायलीकडे होतं. ती कॉलेजात प्राचीन इतिहासात एमए करते. देव घासायला घेतले आणि तिने वीरालाही कोमट पाण्यात ठेवलं. माझ्या आईला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं, पण आई मागच्या दारी गवऱ्या मोजून देत होती. मऊ ब्रशने हळूहळू हळद सुटली. काठाची नक्षी वर आली आणि ती नक्षी नव्हतीच, अक्षरं होती, इंग्रजीसारखी. सायलीने दोन्ही बाजूंचे फोटो काढून आपल्या मॅडमना पाठवले. मॅडमचा फोन इतक्या लगेच आला की सायलीच्या हातून ब्रश पडला.

जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना बसवून सांगितलं. कुंदनही आला होता, लाल फडकं न्यायला. सायली म्हणाली, आपला वीर हे नाणं आहे. रोमचं, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यावर जो आहे तो तिथला सम्राट, नाव क्लॉडियस. डोक्यावर बाशिंग नाही, पानांचा मुकुट आहे. मागची बाई त्यांची आशा नावाची देवी, ती हातात फूल धरते. असली नाणी इकडे सहसा सापडत नाहीत. जुन्या काळच्या व्यापाऱ्याबरोबर आलं असेल, नाहीतर शंभर वर्षांपूर्वी एखाद्या गोऱ्या साहेबाच्या खिशातून घाटावर पडलं असेल, मॅडमना नक्की सांगता येत नाही. मात्र त्यांनी कळवलंय की याला हळद लावू नका आणि पाण्यात घालू नका.

"त्याला आता सवय झाली," आई म्हणाली. माझी आई, लंकाबाई, ऐंशीच्या पुढची आहे आणि कुठल्याही मॅडमला घाबरत नाही.

पणजोबांपासून आम्ही एका परक्या राजाला हलगीवर नाचवत होतो, नैवेद्य दाखवत होतो, त्याच्या तापटपणाला भीत होतो. मला आधी हसू आलं आणि मग पुंजाबाबाचं वाईट वाटलं. तो बिचारा चांदीचा टाक अजून कुंडाच्या गाळातच असणार.

पहिला बोलला तो कुंदन. म्हणाला, मग सोपं झालं की काका, हा आपला वीर नव्हेच. सराफाकडून पुंजाबाबाचा नवा चांदीचा टाक घडवून घेऊ आणि माझ्या घरी बसवू, उद्याच्यापुरता नारळ नाचवतो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी दादाकडे बघत होते. दादाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. वीरच नाही म्हटल्यावर मानाचा प्रश्न नाही, कुणी विचारणार नाही, कुणी हसणार नाही. तो लगेच मान डोलवायला लागला. समर्थ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. असा राग आला मला.

आईने हात वर केला. "थांबा जरा," ती सायलीला म्हणाली. "इतकी वरीस जेवू घातलंय त्याला. माणूस कसा व्हता ते तरी कळू दे."

सायली जरा बिचकली. म्हणाली, आजी, तसा तो वीरबीर नव्हता. राजघराण्यातला होता, पण पाय ओढत चालायचा. त्याच्या पुतण्याला मारेकऱ्यांनी मारलं तेव्हा हा घाबरून पडद्यामागे लपला होता. पडद्याखालून पाय दिसले म्हणून एका शिपायाने ओढून बाहेर काढलं. याला वाटलं आता आपल्यालाही मारतात, तर त्यांनी याला राजाच करून टाकलं.

कुंदन खो खो हसला. पडद्यामागचा वीर, म्हणाला. आईने त्याच्याकडे असं बघितलं की हसणं अर्ध्यावर राहिलं.

"राज्य नीट केलं का पण?" आईने विचारलं.

सायली म्हणाली, बरंच बरं केलं. तेरा वर्षं केलं. बंदर बांधलं, शहराला पाणी आणलं, इंग्लंड जिंकायलाही यानेच फौज पाठवली. इंग्रजांवर राज्य केलं म्हटल्यावर आईच्या मनात त्याच्याबद्दल एकदम आदर उत्पन्न झाला. ते इंग्रज वेगळे, हे सायलीने सांगायचा प्रयत्न केला, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. मग आईने विचारलं, एवढा हुशार होता तर आधी कुणाला कसा दिसला नाही?

सायली समर्थकडे न बघता बोलली. "घरच्यांनी दिसूच दिला नाही, आजी. तो बोलताना अडखळायचा. लोक हसतील म्हणून त्याला चारचौघांत आणायचेच नाहीत. आणला तरी बाजूला बसवायचे."

आई आपली नाण्याकडे बघत होती. मग म्हणाली,

"म्हंजे त्याचा बी घसा बसलेला व्हता म्हण की."

आधी समर्थ हसला. असा हसला की त्याला चौकट धरावी लागली. मग सायली, मग सविता तोंडाला पदर लावून, मग मी. कुंदनला काही समजलं नाही, पण तोही हसला, त्याला हसायला कारण लागत नाही. हसला नाही तो फक्त दादा. त्याचा चेहरा उतरला. आपण पोराला सांभाळतोय असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं, आणि आईने एका वाक्यात त्याला रोमच्या त्या घरच्यांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

समर्थचं हसू थांबलं. "म-मी नेणार," तो म्हणाला. "हाच वीर. हा-हाच नेणार."

दादाने तोंड उघडलं, मिटलं, काठी घेतली आणि मळ्याकडे निघून गेला. आईने निकाल देऊन टाकला. वीर बदलायचा नाही. पुंजाबाबाने स्वतः पाण्यातून जो हातात दिला तो पुंजाबाबाचाच, मग तो रोमचा असो की सायखेड्याचा. पुंजाबाबा बिबट्याशी झुंजला आणि हा बिचारा घरच्यांशी. दुसरं जास्त अवघड, असं ती म्हणाली, आणि सुनेकडे सुपारी मागितली.

संध्याकाळी होळी पेटल्यावर दादा परत आला. कुंदनजवळ जाऊन म्हणाला, तू उद्या हलगी घे. कुंदनला एवढा आनंद झाला की त्याने तिथेच तोंडाने ताल धरला. अनवाणी पायांनी तापलेल्या रस्त्यावर नाचायचं त्याच्याही जिवावर आलंच होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. दादा समर्थशी मात्र एक शब्द बोलला नाही. लाल फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोतून पंचवटीतल्या मालेगाव स्टँडपर्यंत गेलो आणि तिथून वाजतगाजत खाली उतरलो. समर्थने पांढरं धोतर नेसलं होतं, गळ्यात आमच्याच गुलाबांचा हार, हातात वाटी. तो नाचायला लागला आणि मला वाटलं, याच्यापायी आम्ही काय घाबरत होतो? पायात काही अडखळणं नव्हतं. कुंदन हलगी अशी वाजवत होता की शेजारच्या वीराचे लोकही आमच्या तालावर नाचायला लागले. दादा काठी टेकत मागून येत होता. मी त्याच्याबरोबर चालत होते, पण त्याला मी दिसतच नव्हते.

कुंडावर ही गर्दी. समर्थ शेवटच्या पायरीवर जाऊन वळला. हलगी थांबली. दादा दोन पायऱ्या वर उभा राहिला आणि त्याने विचारलं,

"वीर कोणाचा?"

समर्थने श्वास घेतला. "सा…" आणि तिथेच अडकला. मान ताठ झाली, डोळे मिटले. "सा… सा…" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मोबाइल वर झाले. कुणीतरी पाठीमागून विचारलं, काय झालं रे याला?

दादाने दुसऱ्यांदा विचारलं. त्याचा आवाज पहिल्यापेक्षा बारीक होता.

"सा…"

मी दादाच्या अगदी शेजारी होते. त्याचे ओठ हलले. ते नाव त्याच्या ओठांवर आलं, त्याचं स्वतःचं नाव, पोराला पुरवायला. इतक्या वर्षांची सवय. मनात म्हटलं, दादा, नको. आणि दादाने खालचा ओठ दातांत धरला. चांगला करकचून धरला.

तिसऱ्यांदा विचारायचं तो काही विचारेना. दुसऱ्या आणि तिसऱ्या विचारण्यामध्ये किती वेळ जावा, याची आमच्यात रीत नाही, कारण असा प्रसंगच कधी आला नव्हता. तो काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. आता मला कुठे जायचं आहे, असा उभा राहिला. मागे दुसऱ्या घराण्याचा वीर येऊन थांबला होता. त्यांच्यातला एकजण ओरडला, आटपा की लवकर. आई पायरीवर फतकल मारून बसली होती. ती मागे न वळता म्हणाली,

"दमा जरा. दोन हजार वरीस थांबलाय त्यो."

त्या माणसाला काय कळणार. पण तो गप्प झाला. कुंदनने हलगीवर बोटांनी हळूच ठेका धरला, थांबवायचा असतो हे विसरून म्हणा किंवा मुद्दाम म्हणा. समर्थने डोळे उघडले. बापाकडे बघितलं. बाप ओठ चावून उभा होता आणि त्याच्याकडेच बघत होता, कुठेही न जाता.

"सा… सावळी… सावळीरामाचा," समर्थ म्हणाला. आणि मग तोंडाला चव लागल्यासारखं पुन्हा एकदा म्हणाला, मोठ्याने, पार पलीकडच्या काठाला जाईल असं. "सावळीरामाचा!"

आता दादाने म्हणायचं होतं, ओळखला, उतर पाण्यात. सोपं वाक्य आहे. आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं संपवलेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नव्हती. त्याने तोंड उघडलं. शब्द काही येईना. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि समर्थ खालच्या पायरीवर वाटी धरून शांतपणे थांबला. त्याला घाई नव्हती. थांबायचं कसं ते आमच्या घरात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. बराच वेळ झाला तेव्हा तो बापाकडे बघून हसला.

"ओ-ओळखला म्हणा, नाना."

दादाने ते म्हटलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी रडत होते, आणि मी रडायला लागले की शेजारचं काही ऐकू येत नाही. डोळे पुसून बघितलं तेव्हा समर्थ क्लॉडियसला घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभा होता, आणि दादा काठी पायरीवर टाकून, डॉक्टरांचं काही न ऐकता, त्याच्यामागे पाण्यात उतरत होता.